पहिल्या मजल्याच्या नहाणीतून फेस : एका सोसायटीतलं प्रकरण

इमारत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटच्या स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी खाली नेणारं जाळीचं तोंड (पुढे नुसतं ‘नहाणी’). एकावर एक आलेल्या सात ड्राय बाल्कन्यांचं सांडपाणी ११० मिलिमीटरच्या एकाच उभ्या पीव्हीसी पाइपमधून खाली येतं. स्वयंपाकघराच्या सिंकचं पाणीही त्याच पाइपला जोडलेलं आहे. संडासाची लाइन वेगळी. खाली आल्यावर हा पाइप पार्किंगच्या छताखाली आडवा वळतो, पाच-सहा मीटर जातो आणि कंपाउंडच्या भिंतीजवळ गली ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या, तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या कुंडीत) उतरतो. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक इमारतींची रचना थोड्याफार फरकाने अशीच असते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. आमच्या कमिटीत पाणी आणि ड्रेनेज माझ्याकडे आहे.

तक्रार पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटची. काका-काकू दोघंच राहतात, सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे. जुलैपासून त्यांच्या ड्राय बाल्कनीत फेस साचायला लागला. सुरुवातीला जाळीभोवती थोडा, मग घोट्यापर्यंत, आणि एका रविवारी उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात. मशीनही मधूनच थांबायचं आणि डिस्प्लेवर पाणी बाहेर जात नसल्याचा कोड यायचा. (हे कोड कंपनीगणिक बदलतात. एलजीच्या मशीनवर ‘ओई’ दिसतं, सॅमसंगच्या मशीनवर ‘५सी’ किंवा ‘५ई’. फेस जास्त झाल्याचा कोड वेगळा असतो, पण तो येईलच याची खात्री नसते.)

मेकॅनिकला बोलावलं. त्याने खालचा फिल्टर उघडला. त्यात एक नाणं, केसांचा बोळा आणि शर्टाचं बटण निघालं. फिल्टर साफ केला, तरी पुढच्या आठवड्यात तेच. दुसऱ्या खेपेला त्याने ड्रेन पंप बदलला, दोन हजारांच्या वर बिल झालं. फेस येतच राहिला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून नहाणीत ॲसिड ओतलं, वर उकळतं पाणी. फरशीची चकाकी गेली, फेस गेला नाही.

तक्रार कमिटीकडे आली तोवर घरातली भाषा ठरून गेली होती : ‘मशीन खराब आहे.’ इमारतीतल्या बाकीच्यांचंही तेच मत, आणि ते सोयीचंही होतं, कारण मशीन खराब असेल तर खर्च ज्याचा त्याचा.

काकूंनी आधीच पाहिलेल्या गोष्टी

अशा वेळी घरात जो माणूस रोज तिथे उभा राहतो त्याला नीट विचारलं तर निम्मं काम होतं. काकूंनी चार गोष्टी सांगितल्या. त्या त्यांनी मेकॅनिकलाही सांगितल्या होत्या, पण त्याचं लक्ष मशीनकडे होतं.

एक : फेस बहुतेक वेळा रविवारी सकाळी नऊ ते बारामध्ये येतो. दोन : फेस यायच्या आधी नहाणीतून गुडगुड आवाज येतो, सिंकमधूनही. तीन : एकदा त्यांनी जाळीवर ओलं पोतं टाकून वर वीट ठेवली, तर थोड्या वेळाने सिंकच्या भोकातून बुडबुडे यायला लागले. चौथी गोष्ट त्यांनी जरा बिचकतच सांगितली. ‘अहो, हसू नका, पण हा आमच्या पावडरीचा वासच नाही. आम्ही कंडिशनर वापरत नाही आणि या फेसाला लॅव्हेंडरचा वास येतो.’

या चौथ्या वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली. पुढच्या रविवारी त्यांचं मशीन प्लग काढून बंद ठेवलं आणि मी नहाणीजवळ स्टूल टाकून बसलो. दहाच्या सुमाराला गुडगुड सुरू झाली. जाळीच्या भोकांमधून आधी हवेचे फुगे आले, मग पांढरा, जवळपास कोरडा फेस. त्यात पाणी फारच थोडं होतं. हातावर घेतला तर वजन लागत नव्हतं. नहाणी तुंबली असती तर आधी गढूळ पाणी वर आलं असतं, त्यावर तवंग असता. इथे पाणी बिनतक्रार खाली जात होतं आणि फेस वर येत होता. ही दोन लक्षणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बहुतेक ठिकाणी मात्र दोन्हींना ‘नहाणी तुंबली’ एवढंच म्हणतात.

खात्रीसाठी एक साधी चाचणी केली. चौथ्या आणि सहाव्या मजल्यावरच्या दोघांना विनंती केली की नुसत्या पाण्यावर मशीन चालवण्याऐवजी नेहमीचं धुणं लावा, आणि पाणी बाहेर पडायच्या वेळी नहाणीत निळीचं पाणी ओता. चौथ्या मजल्यावरून निळ पडली, आणि काही मिनिटांनी पहिल्या मजल्याच्या जाळीतून फिकट निळा फेस आला. काका तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले. त्या दिवशीनंतर ‘मशीन खराब आहे’ हे वाक्य कोणी उच्चारलं नाही.

फेस खाली का जात नाही

उभ्या पाइपमध्ये पाणी गच्च भरून पडत नाही. ते पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून वेगाने उतरतं आणि मधोमध हवेचा पोकळ गाभा राहतो. पडताना पाणी ही हवा आपल्यासोबत खाली ओढतं. वरून नवी हवा यायला आणि खालून आलेली हवा निघून जायला वाट असेल तर काही बिघडत नाही. पाइपच्या तळाशी काटकोनाचं वळण आलं की पाण्याचा वेग एकदम मोडतो, तिथे पाणी उसळतं, आडव्या पाइपचा बराचसा भाग भरून जातो आणि ओढून आणलेली हवा वळणाच्या वर कोंडते.

आता यात साबणाचं पाणी घाला. मशीनच्या एका धुण्याला फ्रंट लोडमध्ये साधारण ५० ते ६० लिटर पाणी लागतं आणि ते तीन-चार खेपांमध्ये बाहेर पडतं. सगळ्यात जास्त फेस पहिल्या खेपेला, आणि त्यातही धुतल्यानंतरच्या पहिल्या स्पिनमध्ये येतो : कपड्यांतून दाट साबणपाणी पिळून निघतं आणि ते हवेत घुसळलं जातं. हे पाणी चार-पाच मजले आपटत खाली येताना आणखी घुसळतं. तळाच्या वळणावर पाणी पुढे निघून जातं आणि फेस मागे राहतो, कारण तो हलका आहे आणि उतार त्याला ओढून नेऊ शकत नाही. मग दुसऱ्या मजल्याचं मशीन पाणी सोडतं. त्याच्यासोबत आलेली हवा या साठलेल्या फेसाला ढकलते. फेस सगळ्यात जवळच्या उघड्या तोंडाकडे जातो. आमच्याकडे पहिल्या मजल्याची नहाणी त्या वळणाला जेमतेम दीड फुटावर जोडलेली होती.

नहाणी ट्रॅपमधलं पाणी म्हणजे ‘सील’, साधारण ५० मिलिमीटरचं. दुर्गंधी आणि झुरळं अडवायला ते पुरतं. मागून हवेचा दाब आला की पाण्याच्या त्या दोन इंचांना फारसा अर्थ राहत नाही.

अमेरिकेतल्या युनिफॉर्म प्लंबिंग कोडमध्ये याबद्दल सरळ नियम आहे. मशीन, सिंक, बाथटब यांसारखी फेस करणारी साधनं जोडलेला उभा पाइप जिथे आडवा वळतो, तिथून ८ फुटांच्या आत दुसरी कोणतीही जोडणी करायची नाही. तीनपेक्षा कमी मजल्यांचं पाणी येणारे पाइप आणि एका कुटुंबाची घरं यांना यातून सूट आहे. आमच्यासारख्या सात मजली इमारतीला हा नियम नेमका लागू पडतो. इथल्या बिल्डरला अमेरिकन कोड पाळायची सक्ती नाही हे मान्य, पण आठ फुटांऐवजी दीड फूट ही जोडणी पाहून कोणत्याही जाणत्या प्लंबरने मान हलवली असती. पाइप वाचवायला हे केलेलं असतं. आठ फूट पाइप आणि दोन फिटिंग्ज, एवढीच ती बचत.

पण मग इतकी वर्षं काही का झालं नाही?

हा प्रश्न एका सभासदाने मीटिंगमध्ये विचारला आणि तो रास्त होता. इमारत बारा-तेरा वर्षांची. जोडणी पहिल्या दिवसापासून तशीच. मग याच पावसाळ्यात काय बदललं?

पहिला बदल पाण्यात सापडला. त्याआधी आमच्याकडे महापालिकेचं पाणी अपुरं पडायचं, म्हणून टाकीत बोअरचं पाणी मिसळायचो. मे-जूनमध्ये नवं कनेक्शन मिळालं आणि बोअर फक्त बागेला आणि गाड्या धुवायला ठेवला. बोअरच्या पाण्याचं काठिण्य आम्ही पूर्वी तपासून घेतलं होतं, ते लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. खडकवासल्यातून येणारं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांमधून उतरलेलं. ते मुळातच मऊ आहे. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतं, म्हणून बोअरच्या पाण्यात दोन चमचे पावडर घालूनही फेस बेताचा यायचा. पाणी मऊ झालं, चमचे दोनच राहिले. सगळ्यांना आनंदच झाला होता, ‘आता कपडे किती छान निघतात!’

दुसरा बदल गच्चीवर झाला होता, आणि तो शोधायचं श्रेय प्लंबरचं. आमचा प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला, पट्टामुंडईकडचा. देशभरातल्या प्लंबिंगच्या कामात त्या भागातली माणसं भेटतात. तिथे या कामाचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. त्याने पार्किंगमधला पाइप बघितला, काही न बोलता लिफ्टने वर गेला आणि गच्चीवरून फोन केला, ‘सर, वर टोपी कोणी बसवली?’

उभ्या पाइपचं वरचं टोक गच्चीवर उघडं असतं, त्यावर जाळीदार काउल असतो. तोच पाइपचा श्वास. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा सिमेंट आत पडू नये म्हणून कामगारांनी पाइप फरशीलगत कापला आणि त्यावर एंड कॅप ठोकली. काम संपलं, कॅप राहिली. चारही उभ्या लाइनींपैकी तीनवर ती तशीच होती. ठेकेदाराच्या बिलात ‘पाइपभोवती गोला-वाटा करणे’ (सांध्याला सिमेंटची गोलाई देणे) असा खर्च लावलेला होता, म्हणजे पाइप त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

इथे गली ट्रॅपचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या दोन-पाइप पद्धतीत (संडासाचा पाइप वेगळा, सांडपाण्याचा वेगळा) सांडपाण्याचा पाइप थेट चेंबरमध्ये जात नाही, आधी गली ट्रॅपमध्ये उतरतो, आणि तिथे पुन्हा पाण्याचा सील असतो. म्हणजे तळाला हवेला वाट नाहीच. वरचं टोक बंद केलं की पूर्ण लाइन दोन्ही बाजूंनी बंद. मग हवा जाणार कुठे? जिथे सील सगळ्यात सहज फुटेल तिथे, म्हणजे वळणाला चिकटून असलेल्या पहिल्या मजल्याच्या नहाणीत. आणि वीट ठेवून ती दाबली तर शेजारच्या सिंकमध्ये.

तिसरं कारण जुनं होतं, हळूहळू वाढत आलेलं. पार्किंगच्या छताखालच्या आडव्या पाइपचे दोन क्लॅम्प गंजून तुटले होते आणि पाइपला मधोमध पोट आलं होतं. उतार तिथे उलटा झालेला. इन्स्पेक्शन डोअर उघडल्यावर आत घट्ट दह्यासारखा करडा थर दिसला, अर्ध्या पाइपपर्यंत. कपड्यांची रोवं, स्वयंपाकाचं तेल, कठीण पाण्यात साबणाचा झालेला चिकट साका, आणि न विरघळलेल्या पावडरीचे खडे. हा थर काढताना प्लंबरला खुरपं वापरावं लागलं. बोअरच्या पाण्याने पाइपमध्ये हे साठवून ठेवलं आणि मऊ पाण्याने त्यावर फेस चढवला, असं म्हणायला हरकत नाही.

तुटलेला क्लॅम्प किंवा बंद टोपी यांपैकी एकच दोष असता तर बहुधा कोणाला पत्ताही लागला नसता. जुलैत पावसामुळे लोकांनी आठवड्याचे कपडे साठवून रविवारी एकदम धुवायला काढले आणि सगळं एकत्र आलं.

काकूंच्या मशीनचा कोड मग खोटा होता का?

नाही. ते मशीनही स्वतःपुरतं अडचणीत होतंच. त्यांनीही जुन्याच मापाने पावडर घातली होती. ड्रेन पंप पाणी फेकायला बनवलेला असतो, फेस नाही. पंपाच्या पात्यांभोवती फेस आला की ती नुसती गरागरा फिरतात, पाणी पुढे सरकत नाही. दुसरीकडे मशीन पाण्याची पातळी हवेच्या एका बारीक नळीतल्या दाबावरून ओळखतं, आणि त्या नळीच्या तोंडाशी फेस साचला की मशीनला वाटतं पाणी अजून आतच आहे. ठरलेल्या वेळेत पातळी उतरली नाही की ते थांबून कोड दाखवतं. पंप चांगला होता.

शिवाय त्यांची ड्रेन नळी जमिनीवरून लोळत जाऊन थेट नहाणीच्या जाळीत खुपसलेली होती. फ्रंट लोड मशीनची नळी साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवरून वळवून खाली सोडायची असते, नाहीतर मशीन भरत असतानाच पाणी सायफनने बाहेर निघून जातं. नळीचं टोक ट्रॅपमधल्या पाण्यात बुडालेलं ठेवणं आणखी वाईट. जाळीखाली झुरळं येऊ नयेत म्हणून बसवलेली वाटी होती आणि तिच्यात इतकी रोवं अडकली होती की नुसतं पाणीही रेंगाळत उतरायचं. या तीन गोष्टी अर्ध्या तासात ठीक झाल्या. त्याने रविवारचा फेस थांबणार नव्हता, पण त्यांचं मशीन अडणं बंद झालं.

काम कोणत्या क्रमाने केलं

कमिटीतल्या दोघांचं म्हणणं होतं की नोटीस लावू, पावडर कमी घाला म्हणून, आणि बघू. फुकटचा उपाय आहे. तो करायलाच हवा होता, पण त्यावर विसंबणं मला पटत नव्हतं. सात घरांमध्ये सात तऱ्हेच्या पावडरी, शिवाय धुणं लावणाऱ्या मावशी वेगळ्या. फेस दिसतो पहिल्या मजल्यावर आणि तो करणारा पाचव्या मजल्यावर चहा पीत बसलेला असतो. ज्याला त्रास दिसतच नाही त्याच्या सवयीवर पाइपलाइन चालवायची, हे फार दिवस टिकत नाही.

दुसरा प्रस्ताव नहाणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा. दुकानदार तो आनंदाने विकतात. सांडपाण्याच्या लाइनमध्ये त्याच्या झडपेत केस आणि रोवं अडकतात, ती अर्धवट उघडी राहते आणि फेसाला तेवढी फट पुरते. समजा ती घट्ट बसली, तर दाब दुसऱ्या मजल्यावर जाईल. म्हणून तो बाद केला.

पहिल्याच दिवशी गच्चीवरच्या तिन्ही कॅप काढल्या, पाइप जोडून उंच केले, कारण गच्चीवर मुलं खेळतात आणि लोक वाळवणं घालतात, आणि वर काउल बसवले. त्या रविवारी गुडगुड बंद. फेस आला, पण जाळीपुरता. दुसऱ्या टप्प्यात आडवा पाइप साफ केला, पोट काढलं, नवे क्लॅम्प जवळजवळ मारले आणि उतार ४० ला १ धरून दिला. तळाचा काटकोनी बेंड काढून त्याजागी ४५ अंशाचे दोन बेंड लावले. त्यामुळे पाण्याचा वेग एकदम मोडत नाही. यानंतर फेस दोन रविवार दिसला नाही, मग गणपतीच्या आदल्या आठवड्यात, घरोघरी पडदे-चादरी धुण्याची झुंबड उडाली तेव्हा पुन्हा थोडा आला.

तिसरं काम मी आधीपासून मागत होतो आणि ते शेवटी झालं : पहिल्या मजल्याची नहाणी आणि सिंक या उभ्या लाइनपासून तोडून स्वतंत्र ७५ मिलिमीटरच्या पाइपने थेट गली ट्रॅपमध्ये सोडली. पहिल्या मजल्याच्या नहाणीचं पोट पार्किंगच्या छताखाली लोंबतं, त्यामुळे घरातली एकही फरशी फोडावी लागली नाही. प्लंबर आणि त्याचा मदतनीस यांनी घोड्यावर उभं राहून दुपारपर्यंत काम संपवलं. त्यानंतर दिवाळीच्या सफाईतसुद्धा पहिल्या मजल्यावर फेस आलेला नाही. नवीन इमारतींमध्ये पहिल्या मजल्याची लाइन मुळातच वेगळी ठेवतात. घर घेताना पार्किंगच्या छताकडे मान वर करून पाहिलं तर हे पाच मिनिटांत कळतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष मॉड्युलर किचनकडे असतं.

पावडरीचं माप

नोटीस लावलीच, पण ती ‘पावडर कमी वापरा’ अशी नव्हती. त्याने कोणी कमी वापरत नाही. सातही घरांत जाऊन काय आणि किती घालतात ते विचारलं. दोन घरांत बादलीत धुवायची साधी पावडर मशीनमध्ये जात होती, मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून. साध्या पावडरीत फेस मुद्दाम भरपूर ठेवलेला असतो. आपल्याकडे १९५९ मध्ये सर्फ आलं, १९६९ मध्ये निरमा, आणि बादलीत हाताने फेस काढून कपडे भिजवायची सवय घरोघरी बसली. फेस आला नाही तर धुतल्यासारखं वाटत नाही. प्रत्यक्षात मळ काढतो तो पावडरीतला सर्फॅक्टंट (मळ सोडवणारा घटक) आणि ड्रमची आपटाआपट. फ्रंट लोडमध्ये जास्त फेस झाला तर कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत, ते फेसात तरंगतात आणि उलट कमी स्वच्छ निघतात. मशीनच्या पावडरीत फेस दाबणारा घटक घातलेला असतो, म्हणून तीच घ्यायची.

एका घरात मावशी वाटीने पावडर घालत होत्या. त्यांच्या नावाने बिल फाडण्यात अर्थ नव्हता. त्यांना वाटीच दिली होती आणि ‘भरून घाल’ असं सांगितलेलं होतं. आम्ही प्रत्येक घरी जुना चमचा घेऊन त्यावर मार्करने रेघ मारून दिली : नेहमीच्या अर्ध्यावर. कपडे मळके वाटले तर रेघेच्या थोडं वर जा, आणि मशीनच्या काचेतून फेस अर्ध्याहून वर चढलेला दिसला तर पुढच्या वेळी आणखी कमी करा. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी आलं तर पंपवाल्याने लिफ्टमधल्या फळ्यावर लिहायचं, म्हणजे तेवढे दिवस माप वाढवता येईल. हा फळ्याचा भाग मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो. पाणी बदललं हे लोकांना कळलंच नाही तर ते माप कशावरून बदलतील?

फेस घरात आलाच तर

यात घाई फक्त एका बाबतीत करायची : बाल्कनीतला मशीनचा बोर्ड जमिनीजवळ असेल आणि फरशी ओली असेल, तर आधी मेन बोर्डावरून त्या लाइनचा एमसीबी पाडा. ओल्या पायाने प्लग ओढायला जाऊ नका. मग मशीनचा नळ बंद करा आणि वरच्या मजल्यांना अर्धा तास मशीन थांबवायला सांगा.

फेसावर पाणी मारू नका, त्याने तो वाढतो. जाडं मीठ भुरभुरलं तर तो बसतो. कपड्यांचा कंडिशनर एक झाकण बादलीभर पाण्यात ढवळून हळूच शिंपडला तर आणखी लवकर. कारण साधं आहे : पावडरीतले मुख्य रेणू ऋण भाराचे, कंडिशनरमधले धन भाराचे, ते एकमेकांना धरून बसतात आणि फेस मोडतो. मशीनच्या आत फेस कोंडला असेल तर तासभर तसंच ठेवायचं, मग पावडरीच्या खणात थोडा कंडिशनर घालून नुसतं रिन्स चालवायचं. तरीही पाणी अडलं तर खालचं झाकण उघडून छोट्या नळीने ते ताटात काढायचं. पाणी गरम असेल तर आधी निवू द्या.

ॲसिड, ब्लीच, कॉस्टिक यांपैकी काहीही फेसावर चालत नाही. आणि एकापाठोपाठ एक तर कधीच ओतू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनी काही फार मोठी जागा नाही. काकांनी ॲसिड ओतलं त्या आठवड्यात आधी कोणी ब्लीच टाकलं नव्हतं हे नशीब.

खर्च आणि एक न सुटलेला वाद

सगळं काम पंधरा हजारांच्या आत झालं, प्लंबरची मजुरी धरून. हा खर्च सोसायटीने उचलला आणि त्याबद्दल कोणी वाद घातला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ड्रेनेज लाइन आणि गच्ची यांची दुरुस्ती संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असं स्पष्ट म्हटलं आहे. गच्चीच्या ठेकेदाराचे राखून ठेवलेले पैसे अजून द्यायचे होते, त्यातून काउल आणि पाइपचा खर्च वजा केला. त्याने कुरकुर केली, पण कॅपचे फोटो पाहिल्यावर गप्प बसला.

वाद आहे तो काकांच्या ड्रेन पंपाच्या बिलावर. पंप चांगला असताना बदलला गेला, आणि तो बदलायची वेळ आली ती सोसायटीच्या लाइनमधल्या दोषामुळे, म्हणून सोसायटीने ते बिल द्यावं असं काका म्हणतात. खजिनदारांचं म्हणणं, मशीन हा सभासदाचा माल, त्यावर संस्थेचा पैसा खर्च झाला तर ऑडिटमध्ये प्रश्न येईल, उद्या कोणी फ्रिजचंही बिल आणेल. माझ्या मते काकांना निम्मी रक्कम तरी मिळायला हवी. पावडर जास्त घालण्यात त्यांचाही वाटा होता, पण पाइपवर टोपी त्यांनी ठोकलेली नव्हती. गेल्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि कोरम मोडल्याने पुढे ढकलला गेला. जुना पंप काकांनी पिशवीत बांधून जपून ठेवला आहे, पुढच्या सभेत टेबलावर ठेवणार म्हणतात.